फळ्यांचा वाफा फुगतो, उघडतो, कुजतो: परांचीच्या जुन्या फळ्यांचं पुन्हा पुन्हा उद्भवणारं दुखणं

फळ्यांची चौकट करून माती भरलेल्या माझ्या वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात मी तीन वेळा स्क्रू मारले. पहिल्यांदा साधे, दुसऱ्यांदा जाडे आणि तिसऱ्यांदा आतून लोखंडी अँगल लावून. दर वेळी कोपरा घट्ट बसायचा, काही महिने गुण्यागोविंदाने राहायचा आणि मग एखाद्या मोठ्या पावसानंतर फटीतून माती ओघळलेली दिसायची. तिसऱ्या वेळी अँगल शाबूत होता, स्क्रूही शाबूत होते, फक्त त्यांना धरून ठेवणारा फळीचा तुकडा निघून आला होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कोपरा बिचारा निर्दोष होता. २.४ मीटर लांबीच्या फळीला मधे कुठेही टेकू नव्हता, ती पोटातून बाहेर फुगत होती आणि फुगता फुगता आपली दोन्ही टोकं कोपऱ्यातून ओढून घेत होती.

परांचीच्या, म्हणजे बांधकामावर उभं राहायला बांधतात त्या मचाणाच्या, जुन्या फळ्यांच्या वाफ्यांबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून तीनच: फळी फुगली, कोपरा उघडला, तळ कुजला. तिन्ही एकमेकींच्या सोयऱ्या आहेत आणि जिथे दिसतात तिथे त्यांचं मूळ क्वचितच असतं. म्हणून डागडुजीला हात घालण्याआधी अर्धा तास नुसतं पाहण्यात घालवा. दोरी, स्क्रू ड्रायव्हर आणि मोजपट्टी एवढंच लागतं.

आधी दोरी, मग स्क्रू ड्रायव्हर

लांब बाजूच्या दोन्ही टोकांना बाहेरून सारख्या जाडीचे दोन ठोकळे धरा आणि त्यांवरून दोरी ताणा. मधे दोरी आणि फळी यांतलं अंतर मोजा. ठोकळे ५ सेंमीचे असतील आणि मधे ४ सेंमी भरत असेल, तर फळी १ सेंमी फुगली आहे. एवढं मी सोडून देतो. ३ सेंमीच्या पुढे गेलं की कामाला लागायचं. हेच माप वरच्या कडेला आणि तळाजवळ असं दोनदा घ्या, कारण फुगवटा कुठे आहे यावर कारण ठरतं. पोट मधोमध असेल तर टेकूंमधलं अंतर जास्त आहे. तळ जागेवर आणि वरची कड बाहेर झुकलेली असेल तर खुंट उथळ ठोकलेत किंवा जमिनीच्या रेषेला कुजलेत. सगळी बाजूच अखंड सरकली असेल तर तिला जमिनीशी बांधणारं काहीच नाही.

मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक फळीत दाबत जा. तळाच्या कडेला, खुंटामागे, स्क्रूंच्या भोवती आणि फळीच्या कापलेल्या तोंडावर जास्त लक्ष द्या. निरोगी लाकडात टोक जेमतेम शिरतं आणि उचकटलं तर लांब चिरफळी निघते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि तुकडा आडवा, बिस्किटासारखा मोडतो. हा आडवा मोड फार बोलका असतो. वरून फळी ठणठणीत दिसत असली तरी मोड आडवा आला की तिच्यावर भार टाकू नका.

फुगवटा: मातीचा रेटा किती असतो

ओल्या मातीचं वजन घनमीटरला १८०० किलो धरा आणि त्यातला निम्मा भार आडवा ढकलतो असं माना. परांचीची फळी साधारण ३८ मिमी जाड आणि २२५ मिमी रुंद असते. एका फळीच्या उंचीच्या वाफ्यात दर मीटर लांबीवर सुमारे २३ किलोचा रेटा येतो. एकावर एक दोन फळ्या लावून उंची ४५ सेंमी केली की रेटा दुप्पट होईल असं वाटतं, पण तो चौपट होतो. मीटरला सुमारे ९० किलो. एक फळीचा वाफा वर्षानुवर्षं सरळ उभा राहतो आणि त्याच माणसाने त्याच पद्धतीने केलेला दोन फळ्यांचा वाफा पहिल्याच मोठ्या पावसात ढेरी काढतो, त्याचं गणित हे असं आहे.

दुसरं गणित टेकूंमधल्या अंतराचं. फळी किती वाकते हे त्या अंतराच्या चौथ्या घातावर ठरतं. अंतर निम्मं केलं की वाक सोळावा हिस्सा. चांगल्या स्थितीतल्या नरम लाकडासाठी कागदावर मांडून पाहिलं, तर ४५ सेंमी उंच वाफ्याची खालची फळी २.४ मीटरच्या अंतरात साधारण ३ सेंमी वाकते, १.२ मीटरच्या अंतरात फक्त २ मिमी. शिवाय लाकूड ओलं असताना सतत दाबाखाली राहिलं की वर्षभरात आणखी वाकतं आणि माती काढली तरी पुरतं सरळ होत नाही. जाडीचा परिणामही मोठा आहे. ३८ मिमीऐवजी २५ मिमीची फळी घेतली की ताठपणा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. परांचीच्या फळ्या वाफ्याला साध्या फळ्यांपेक्षा बऱ्या पडतात ते या जाडीमुळे, आणि रंधा मारून त्या गुळगुळीत करायचा मोह टाळावा तोही याचमुळे. कुसळं लागू नयेत म्हणून वरची कड तेवढी घासा, पुरे.

तर उपाय: दोन फळ्यांच्या वाफ्याला १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर विनाटेकू ठेवू नका. फळी जुनी, गाठाळ असेल तर ९० सेंमी. खुंट फळीच्या बाहेर ठोका. आत ठोकला तर माती फळीला खुंटापासून दूर ढकलते आणि सगळा ताण स्क्रूंवर येतो. बाहेर ठोकला तर फळी खुंटावर रेलते आणि स्क्रू फक्त तिला जागेवर धरतात. दिसायला आतला खुंट बरा, हे मान्य. मीही आधी आतच ठोकले होते, आणि ते स्क्रू एकेक करून बाहेर आलेले पाहिले. खुंट जमिनीत निदान वाफ्याच्या उंचीएवढा गेला पाहिजे.

जमीन मऊ असेल आणि खुंट धरत नसेल, तर समोरासमोरचे दोन खुंट जाड गॅल्व्हनाइज्ड तारेने किंवा आटे असलेल्या सळईने एकमेकांना बांधा. तार कुठे बांधायची हा नेहमीचा घोळ. मातीचा एकूण रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटतो, त्यामुळे ४५ सेंमीच्या वाफ्यात तार तळापासून १५ सेंमीवर. वर ३० सेंमी माती मोकळी राहते आणि फावडं तारेत अडकत नाही. वरच्या कडेला बांधलेली तार डोळ्यांना भक्कम वाटते, पण तिच्याखाली पोट निवांत सुटत राहतं.

आधीच वाकलेली फळी टाकून देऊ नका. उलटी फिरवा, पोट आत घ्या आणि पुन्हा लावा. मातीच तिला हळूहळू सरळ करते. नवीन लावतानाही फळीच्या कापलेल्या तोंडाकडे एकदा पाहा. तिथे वर्तुळांच्या कमानी दिसतात. कमानीचा फुगवटा बाहेरच्या अंगाला आणि गाभ्याची बाजू मातीकडे ठेवली, तर ओल धरल्यावर फळी पन्हाळीसारखी वळण्याची खोड बरीच कमी होते.

टेकू नीट असूनही फुगवटा दर पावसानंतर वाढतोच असं दिसलं तर निचरा तपासा. तळाशी पाणी साठून माती पूर्ण भरली की पाण्याचा स्वतःचा दाब मातीच्या दाबात मिसळतो आणि एकूण रेटा दीडपटीच्या पुढे जातो. पावसानंतर दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या मधोमध हातभर खड्डा घ्या. तळाला पाणी दिसलं तर दोष फळीचा नाही. बहुतेकदा तळाशी कोणीतरी प्लास्टिक अंथरलेलं असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच.

कोपरा

फळीच्या तोंडात, म्हणजे धाग्यांच्या दिशेने मारलेला स्क्रू कमी धरतो, कारण त्याचे आटे धाग्यांना कापत जातात, त्यांच्यात अडकत नाहीत. त्यात परांचीच्या फळीची टोकं आधीच पिचलेली असतात. तिच्यावरून माणसं चाललेली, टोकावर ती वारंवार आपटलेली. म्हणून तर मूळ मालकाने टोकांना लोखंडी पट्टी ठोकलेली असते. कोपऱ्यात आतून निदान ५० मिमी जाडीचा चौकोनी खुंट उभा करा आणि दोन्ही फळ्या पाठीकडून त्याला स्क्रूने धरा. ३८ मिमीच्या फळीसाठी ७५ ते ८० मिमीचे स्क्रू, आधी भोक पाडून. वरच्या आणि खालच्या थरात कोपऱ्याचा सांधा आलटून पालटून घेतला तर आणखी चांगलं.

लोखंडी पट्टी ठेवावी की काढावी? मी टोकच कापतो. पट्टीखाली पाणी अडकतं, खिळे गंजतात आणि कूज तिथूनच सुरू होते. ३.९ मीटरची फळी मिळाली तर हिशेबही छान बसतो: दोन्ही टोकं १५-१५ सेंमी उडवली की ३.६ मीटर उरते, त्यातून २.४ ची एक लांब बाजू आणि १.२ ची एक आडवी. दोन फळ्यांत एक थर. १.२ मीटर रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोचण्यापुरतीच असते, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पाय न पडल्याने माती दबत नाही आणि फळ्यांवरचा धक्काही टळतो.

कूज: सर्वांत जास्त गैरसमज इथेच

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली तर तिचं फारसं चालत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास लाकडाचे धागे पुरते भिजलेले असतात आणि तिची चंगळ होते. खोल गाडलेल्या खुंटाचं टोक कित्येकदा शाबूत निघतं आणि तोच खुंट जमिनीच्या रेषेला मनगटाने मोडतो, कारण त्या रेषेला ओलही आहे आणि हवाही. वाफ्याच्या फळीला अशा दोन जागा असतात: तळाची कड आणि फळीचं कापलेलं तोंड. तोंडातून पाणी आत शिरण्याचा वेग पाठीतून शिरण्यापेक्षा कितीतरी पट असतो. झाड पाणी वर नेत होतं त्याच नळ्या त्या.

मातीला लागून असलेलं लाकूड ओलं राहणारच. प्रश्न एवढाच की त्याला कोणत्या तरी एका बाजूने वाळता येतं का. आपले बरेचसे उपाय नेमकी तीच वाट बंद करतात.

सगळ्यांत लाडका उपाय म्हणजे आतून प्लास्टिकचा कागद. कागद आणि फळी यांच्यामध्ये वरून पाणी उतरतं, स्टेपलच्या भोकांतून झिरपतं, आणि एकदा आत गेलं की त्याला बाहेर निघता येत नाही. वर्षभराने कागद सोलून पाहा, आतल्या बाजूला पांढरी बुरशीची जाळी दिसेल. कागद लावायचाच असेल तर तीन अटी: फक्त बाजूंना, तळाला मुळीच नाही. वरची कड फळीच्या माथ्यावर दुमडून तिच्यावर पट्टी ठोकलेली, म्हणजे मागे पाणी उतरणार नाही. आणि फळीची बाहेरची बाजू उघडी, तिच्यावर जाड रंगाचा थर नको. इमारतीच्या पायाच्या भिंतींना ओलीपासून जपायला उठावदार बुंदे असलेला जाड प्लास्टिकचा पत्रा वापरतात, तो मिळाला तर कागदापेक्षा उत्तम, कारण बुंद्यांमुळे हवेला फट राहते.

माझ्या मते सर्वांत कमी खर्चाचा आणि जास्त गुणाचा उपाय फळीखाली आहे. फळी बसते त्या रेषेवर १० सेंमी खोल चर काढा, जाडी खडी भरा आणि फळी विटेच्या तुकड्यांवर टेकवा, म्हणजे तळाची कड चिखलात न बसता खडीवर राहते. पाणी खाली निघून जातं आणि कडेला वारा लागतो. बाहेरच्या बाजूचं गवतही फळीला टेकू देऊ नका. मऊ पाइन किंवा स्प्रूसची फळी कोणताही लेप न देता जमिनीवर ठेवली तर ती अमर होणार नाही, पण चिखलातल्यापेक्षा खडीवरची फळी नक्कीच जास्त टिकते.

एकाच बाजूची फळी दर वेळी कुजत असेल तर लाकडाच्या मागे लागू नका, पाण्याचा माग काढा. बहुधा ठिबकची नळी फळीला चिकटून जात असते, किंवा नळाचा जोड तिथेच गळत असतो. नळी फळीपासून १५ ते २० सेंमी आत सरकवा. सावलीची बाजू आधी जाते हेही खरं, तिथे आपण फक्त खडी जास्त घालू शकतो.

तेलाबद्दल. जवसाचं कच्चं तेल लावल्याने फळी सुंदर दिसते आणि पाणी थोडा काळ अडतं, पण ते बुरशीनाशक नाही. दमट सावलीत काळी बुरशी तेलावर उलट जोमाने येते. तेल लावायचंच तर कापलेल्या तोंडावर लावा, पुन्हा पुन्हा, लाकूड पिणं थांबेपर्यंत. मेण चोळलं तरी चालतं. आणि तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या चिंधीतून ती बाहेर पडत नाही आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

फळी मुळात घ्यावी की नाही

हे आधी सांगायला हवं होतं, पण बहुतेकांनी फळ्या आणून लावल्यावरच प्रश्न पडतो. परांचीवरून बाद झालेली फळी का बाद झाली हे तिच्यावरच लिहिलेलं असतं: लांब भेग, निसटू पाहणारी मोठी गाठ, करवतीची आडवी खाच. वाफ्याला भेग चालते, पण तिच्या जागी खुंट आला पाहिजे. अशी फळी वाफ्याच्या कामातून उरली तर तिच्यावर उभं राहून रंगकाम करायला मात्र घेऊ नका. ती बाद झाली ते याच कामासाठी.

हिरवट झाक असलेली फळी म्हणजे तिला तांब्याचं औषध दिलेलं असण्याची शक्यता. जुन्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरलेलं असे. २००४ च्या आसपास अमेरिकेत आणि युरोपात घरगुती वापराच्या लाकडातून ते बाजूला झालं. वय माहीत नसलेली हिरवट फळी मी खाण्याच्या भाजीच्या वाफ्याला लावत नाही, फुलझाडांना लावतो. तिचे उरलेले तुकडे जाळूही नयेत, आर्सेनिक राखेत उरतं. डांबरासारखा वास येणारी, तेलाचे काळे डाग पडलेली किंवा जुन्या रंगाचे पोपडे असलेली फळी थेट बाजूला काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. फळीवर वाळलेलं सिमेंट तेवढं धोक्याचं नाही, पण ते क्षारधर्मी असतं. पटाशीने खरवडून काढा आणि तो चुरा वाफ्यात पडू देऊ नका, एवढं पुरे. तांब्याचं औषध दिलेल्या लाकडात साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, तिथे स्टेनलेस किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड घ्या.

फळीवर छत्र्या उगवल्या तर घाबरू नका. झाडांना त्यांचा त्रास नसतो, पण आत लाकूड खाल्लं जातंय याची ती पावती आहे. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडल्या असतील तर तो भाग गेला समजा. फटींत राखाडी, पाठीवर वळ्या असलेले बारके किडे दिसतात, ते आधीच मऊ झालेलं लाकूड खातात, त्यांना मारून काही साधत नाही. वाळवीची गोष्ट वेगळी. बाहेरून मातीची बारीक नळी चढताना दिसली की मोडा, आतून ओली आणि किडे असलेली निघाली तर ती फळी त्याच दिवशी काढा. फळी खडीवर आणि विटांवर बसवण्याचा इथेही फायदा आहे: नळी उघड्यावरून चढावी लागते आणि आपल्याला दिसते.

वाफा रिकामा न करता तळाची फळी बदलणं

वरची फळी चांगली आणि खालची गेलेली, ही नेहमीची अवस्था. माती सुकी असताना हे काम काढा, ओली माती जड असते आणि चराची कड ढासळते. एका वेळी एकच बाजू. आतून फळीला लागून २० सेंमी रुंदीचा चर तळापर्यंत काढा, माती वाफ्यातच मधे ताडपत्रीवर ढीग करा. वरच्या फळीखाली विटा रचून तिला आधार द्या, मग खालच्या फळीचे स्क्रू सोडवा. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर त्याच्याशी कुस्ती नको, दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचं पातं घाला.

फळीचं एकच टोक कुजलं असेल तर दिसणाऱ्या कुजीच्या पुढे वीतभर निरोगी लाकूड धरून कापा आणि नवा तुकडा जोडा. सांधा नेमका खुंटावर येऊ द्या, दोन खुंटांच्या मधे कधीही नको. खुंट तिथे नसेल तर नवा ठोका. कुजका तुकडा चराच्या तळाशी भर म्हणून पुरायचा मोह होतो, कारण कंपोस्टच होणार आहे ना. नव्या फळीला टेकून नको, एवढंच. बुरशी तिथून सरळ शेजारी जाईल.

खडी भरा, विटेचे तुकडे मांडा, तोंडाला तेल पाजलेली फळी सरकवा, खुंटाला धरा, माती परत लोटा. ती आधीपेक्षा कमी भरेल. कंपोस्ट कुजत जातं तसा वाफा दर वर्षी थोडा खाली बसतोच, त्याची भर वरून घाला आणि माथ्यापासून चार-पाच सेंमी रिकामे ठेवा. दोन आठवड्यांनी, एखादं भरपूर पाणी देऊन झाल्यावर, तीच दोरी त्याच दोन ठोकळ्यांवरून पुन्हा ताणा आणि मधलं माप खुंटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.